खरखरीचे पारखी

प्रत्येक गावात एक तरी माणूस असा असतो की ज्याला जवळचं काही पटत नाही. गोंदिया जिल्ह्यात या जातीचा जो नमुना सापडतो, तो शॉर्टवेव्ह ऐकतो. आमगावला असतो, तिरोड्याला असतो, अर्जुनी मोरगावला तर असतोच असतो. वय साठीच्या पुढं, नोकरी राइस मिलमध्ये नाहीतर पोस्टात झालेली, मुलगा पुण्याला, आणि गच्चीवरून मागच्या मोहाच्या झाडापर्यंत ताणलेली तांब्याची तार. या तारेवर कपडे वाळत घालायचे नाहीत, हे घरात एकदा मोठ्या भांडणानंतर ठरलेलं असतं. गाव त्याला मीटरकाका म्हणतं. वीज मंडळाशी त्याचा काही संबंध नसतो. दिवसभर तोंडात शॉर्टवेव्हचे पट्टे, ‘पंचवीस मीटर’, ‘एकतीस मीटर’, ‘एकोणपन्नास मीटर’ चालू असतं, म्हणून मीटरकाका. नवी सून पहिले आठ दिवस समजत असते की सासरे पूर्वी कापडाच्या दुकानात होते.

आमच्या ओळखीतले मीटरकाका राइस मिलवाले. धानाचा दाणा दाताखाली धरून ओलावा सांगणार. सतरा टक्क्यांच्या वर ओलावा गेला की सरकारी खरेदीत धान बसत नाही. काकांचा दात तो आकडा यंत्राच्या आधी सांगायचा. मूठभर तांदूळ तळहातावर पसरला की कणी किती टक्के, हे दलालाच्या तोंडावर सांगून टाकायचे. असा माणूस निवृत्त झाला की करणार काय? त्यानं तीच नजर रेडिओकडे वळवली, आणि खरखरीतला शब्द निवडायला बसला.

या मंडळींचा पहिला नियम असा, की जे स्टेशन स्वच्छ ऐकू येतं ते स्टेशनच नव्हे. नागपूर आकाशवाणी १९४८ पासून चालू आहे, ५८५ किलोहर्ट्झवर गोंदियात दिवसाढवळ्या खणखणीत लागते. काका तिचं नाव काढत नाहीत. “ते का कोणालेबी येते जी! बुखारेस्ट आलं पायजे.” बुखारेस्ट येतं म्हणजे काय होतं, ते एकदा बसून पाहिलं पाहिजे. आधी शूंऽऽ, मग खर्रर्र, मग कुठूनशी चिनी बासरी, मग परत शूंऽऽ, आणि त्यात बुडता बुडता एका बाईचे दोन शब्द. काका डोळे मिटून हात वर करतात. “आली!” काय म्हणाली, असं विचारायचं नसतं. ती काय म्हणते यासाठी कोणी तिला एवढ्या लांबून आणत नाही.

या वेडाची मुळं खोल आहेत. सत्तरीला आलेल्या काकांच्या घरी पोस्टातून लायसन काढून आणलेला व्हॉल्व्हचा रेडिओ होता. तो तापायला वेळ लागे, तोवर घरची मंडळी गप्प बसून राहत. १९५२ साली सुरू झालेली ‘बिनाका गीतमाला’ गोंदियाला पोचायची ती सिलोनहून, समुद्र आणि दख्खनचं पठार ओलांडून, आणि अमीन सायानींचा आवाज एकदा मोठा, एकदा लहान होत यायचा. सूर असा वरखाली होणं हा गाण्याचाच भाग असतो, असं काका लहानपणी समजत. पुढं कॅसेटवर तेच गाणं एका पातळीत ऐकलं तेव्हा त्यांना ते बेचव लागलं. हावडा–मुंबई लायनीवर गोंदियाच्या पुढं भाटापारा लागतं. फर्माइशींच्या चिठ्ठ्या पाठवण्यात झुमरी तिलैयाच्या बरोबरीनं त्याचं नाव रेडिओवर यायचं. त्या लायनीवरून जाताना भाटापारा आलं की काका खिडकीतून हात जोडतात. शेजारच्या प्रवाशाला वाटतं, इथं कोणतं देऊळ आहे?

सध्या मात्र या मंडळींच्या घरात सुतकच आहे. रेडिओ ऑस्ट्रेलियाची शॉर्टवेव्ह ३१ जानेवारी २०१७ ला बंद झाली. बीबीसी हिंदीनं रेडिओवरून निरोप घेतला तो ३१ जानेवारी २०२० ला. दोन्ही वेळा तारीख एकच, म्हणून ३१ जानेवारीला काका कोणताही नवा व्यवहार करत नाहीत. जर्मनीचं डॉइचे वेले हिंदीतून बोलायचं, ते २०११ मध्ये गप्प झालं. आकाशवाणीनंही शॉर्टवेव्हचा आपला पसारा एकेक करून आवरला. मुलगा म्हणतो, बाबा, सगळं फोनवर ऐकू येतं. काका म्हणतात, “मग त्यात तू काय केलं?” या प्रश्नाचं उत्तर पुण्याच्या कोणत्याही कंपनीत मिळत नाही.

अशा पडत्या काळात काकांना नवा रेडिओ हवा होता. आधी ते गोंदियाच्या बाजारात गेले. दुकानदार हौशीनं बोलला, “है ना काकाजी. एफएम है, ब्लूटूथ है, पेनड्राइव लगता है, टॉर्च भी है. भजन भरके दूँ क्या?” काकांनी शॉर्टवेव्हचं विचारलं. त्यानं खोक्यावर बोट ठेवलं : “एसडब्ल्यू लिखा तो है.” लिहिलं होतं, खोटं कशाला बोला. पण बोटभर पट्टीत अर्ध्या जगाची स्टेशनं कोंबलेली, आणि काटा केसभर हलला की चीनमधून थेट इराणात. काकांनी टॉर्च तेवढी लावून पाहिली आणि रेडिओ परत ठेवला.

मग पुतण्यानं परदेशी बनावटीचा डिजिटल सेट मागवून दिला. खिशात मावेल एवढा टेकसन पीएल-३३०. खोकं उघडल्यावर काका पहिल्यांदा खूष झाले ते रेडिओवर नव्हे, बॅटरीवर. जुन्या नोकिया फोनची ती चपटी बॅटरी याला चालते. मेलेल्या नोकियाच्या दोन-तीन बॅटऱ्या कोणत्या घरातल्या ड्रॉवरमध्ये नाहीत? “देवरीच्या बाजारात ज्याचा सेल भेटत नाही, तो रेडिओ घेऊ नाही,” हा काकांचा दुसरा नियम. त्यांच्याकडे पीएल-६६० आधीपासून आहे, त्याला चार पेन्सिल सेल लागतात, आणि ते किराणा दुकानातही मिळतात.

मग पारख सुरू झाली. काकांची परीक्षा गाण्यांवर होत नाही, कारण गाणं ऐकताना माणूस फसतो. ते १०००० किलोहर्ट्झ लावतात. तिथं चीनचं वेळ सांगणारं केंद्र दर सेकंदाला टिक् वाजवतं. भाषा नावापुरती, सूर नाही, भावना नाही, नुसती टिकटिक. जुना आणि नवा सेट शेजारी ठेवून काका तासभर ती ऐकत बसले. काकूंनी दोनदा येऊन पाहिलं, तिसऱ्यांदा म्हणाल्या, “अजी, भिंतीवरचं घड्याळबी टिकटिक करते. तेच आयका ना. त्याले सेलबी एकच लागते.” काकांनी वहीत लिहिलं : टिक् स्पष्ट, खरखर मध्यम, घरगुती व्यत्यय जबर.

ही वही बघण्यासारखी असते. जगभरचे शॉर्टवेव्हवाले स्टेशनला पाच आकड्यांत गुण देतात. त्याला सिनपो म्हणतात. आवाजाची ताकद, शेजारच्या स्टेशनचा त्रास, खरखर, चढउतार आणि एकूण. पाचही ठिकाणी पाच आले तर सर्वोत्तम. असा अहवाल स्टेशनला पाठवला की ते रंगीत कार्ड पाठवतं, ‘होय, आपण आम्हालाच ऐकलंत.’ दुसऱ्या कुठल्या छंदात ऐकल्याबद्दल कोणी प्रमाणपत्र देतं का? काकांच्या वहीत ५५५५५ फक्त नागपूरला, तेही छोट्या अक्षरात.

नव्या सेटची दुसरी परीक्षा शेजारधर्माची. शॉर्टवेव्हवर पाच-पाच किलोहर्ट्झच्या अंतरानं स्टेशनं चिकटून बसलेली असतात. एक धर्मोपदेशक, शेजारी एक सरकारी बातम्या. चांगला सेट दोघांना वेगळं ठेवतो. काका पट्ट्याची रुंदी कमी करत गेले आणि उपदेशक भिंतीपलीकडे गेल्यासारखा मावळला. “कणी निघाली,” काका म्हणाले. तिसऱ्या परीक्षेत मात्र सेट घसरला. मोहाच्या झाडाची लांब तार जोडल्याबरोबर एकच स्टेशन तीन जागी बोलायला लागलं. असल्या छोट्या सेटना तारेतून येणारा जोर पेलवत नाही, मग नसलेल्या ठिकाणी स्टेशनं दिसतात. काकांनी तार काढली, सेट उलटा केला आणि निकाल दिला : “याले जास्त खाऊ घालाल तर खोटं बोलते. स्वतःच्या दांडीवर ठेवा, माणूस चांगला आहे.”

चौथी परीक्षा एसएसबीची. हौशी रेडिओवाले, ज्यांना हॅम म्हणतात, ते ज्या पद्धतीनं बोलतात ते साध्या रेडिओवर गुळण्या करत बोलल्यासारखं ऐकू येतं. एसएसबी असलेल्या सेटवर माणसाचा आवाज होतो. काका ७०८५ किलोहर्ट्झवर गेले. ही जागा त्यांनी हिशोबानं काढलेली आहे. १९४२ च्या आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईतून गुपचूप चालवलेला काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर बोलायचा. मीटरचे किलोहर्ट्झ करायला तीन लाखाला त्यानं भागलं की जवळपास ७०८५ येतात. पोलिसांना चुकवत जागा बदलत फिरणारं ते केंद्र नोव्हेंबर १९४२ मध्ये पकडलं गेलं. आता त्याच जागी कोणी तरी कोणाला तरी हवामान सांगत होता आणि नवा अँटेना कितीला पडला ते विचारत होता. काकांनी आवाज वाढवला, पाठ सरळ केली आणि अँटेनाच्या किमतीची ती चर्चा अखेरपर्यंत ताठ बसून ऐकली.

मीटरकाका खरा ओळखायचा असेल तर लाइन जाऊ द्यावी. तिरोड्याला ३३०० मेगावॅटचं वीजकेंद्र आहे, तरी खेड्यातली लाइन जायची ती जातेच. सगळं गाव कपाळाला हात लावतं, मिलवाले शिव्या घालतात, मुलं ओरडतात. आणि एक माणूस चप्पल न घालता गच्चीकडे पळत सुटतो. कारण एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, शेजाऱ्याचा सेटटॉप बॉक्स हे सगळे शॉर्टवेव्हवर खरखर ओतत असतात. लाइन गेली की खरखर गेली, आणि आफ्रिका येते. तिरोड्याचं केंद्र काकांच्या मते वीज कमी आणि खरखर जास्त बनवतं. लाइन आल्यावर मोहल्ल्यात जो आनंदाचा ओरडा होतो, त्यात गच्चीवरून एक वेगळाच आवाज येतो. तो छापण्यासारखा नाही.

त्यांच्या मनगटाचं आणखी वेगळंच. परदेशी स्टेशनांची वेळापत्रकं ग्रिनिचच्या वेळेत असतात, म्हणून काकांचं एचएमटी घड्याळ कायम साडेपाच तास मागं. (आमच्या भागाला एचएमटी म्हटलं की आधी तांदूळ आठवतो. पलीकडच्या चंद्रपूर जिल्ह्यात, नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी ते वाण निवडून काढलं आणि त्याला त्या घड्याळाचंच नाव दिलं.) रस्त्यात कोणी वेळ विचारली की काका प्रामाणिकपणे सांगतात, आणि विचारणाऱ्याची बालाघाटची गाडी सुटते. मुहूर्त सांगायला तर त्यांना कोणी बोलवतच नाही.

देवरीकडच्या एका मीटरकाकांच्या तारेपायी एकदा जमादार चौकशीला आला. जंगलपट्टी, झाडावर तार, टपालात परदेशी पाकिटं, येणारच. त्यानं वही पाहिली, रोमानियाची कार्डं पाहिली, उलटी करून पुन्हा पाहिली. मग विचारलं, “बीबीसी लागते का आता?” भरतीची तयारी करताना तो रोज संध्याकाळी बीबीसी हिंदी ऐकत असे. बंद झाली, हे काकांनी सांगितल्यावर तो खुर्ची ओढून बसला. चहा झाला, दुसरा झाला. चौकशी कुठवर आली हे दोघांनीही नंतर काढलं नाही.

आता वाचकहो, हे वाचून तुम्हालाही शॉर्टवेव्हचा डिजिटल रेडिओ घ्यावासा वाटला, तर काकांचा निकाल जसाच्या तसा सांगतो. फिरायला, नवेगाव बांधच्या काठावर बसायला, शेतावर राखणीला छोटा पीएल-३३० पुरे. त्याला लांब तार लावू नका. गच्चीवर बसून तारेसकट ऐकायचं असेल तर पीएल-६६० घ्या. कोणताही घ्या, पण एसएसबी आहे का ते खोक्यावर वाचून घ्या, आणि सेल गावात मिळतो का ते आधी विचारा. दिवसा तेरा, सोळा, एकोणीस मीटर फिरवा. अंधार पडला की एकतीस, एकेचाळीस, एकोणपन्नास. अजून शंका असेल तर काकांकडे जरूर जा, चहा मिळेल. फक्त खिशातला चार्जर त्यांच्या घरात लावू नका, आणि वेळ विचारू नका.