धुरकरी गुरुजी

लाखांदूरच्या बाजारात माणसं आपणहून कडेला सरकली की समजावं, गुरुजी निघाले. वय ७५च्या पुढे, गाडी एम-८०, दोन्ही इंडिकेटर बंद. वळायचं असलं की गुरुजी हात दाखवतात. जुना विद्यार्थी दिसला तरी तोच हात दाखवतात. त्यामुळे मागचा गोंधळतो आणि समोरचा पाया पडायला रस्त्यातच थांबतो.

असे गुरुजी गावोगावी आहेत. कुठे ते निवृत्त तलाठी असतात, कुठे माजी सरपंच. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत त्यांना एक जादा ऐट असते: तरुणपणी ते शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, जोडी हाकणारे धुरकरी होते. "बैलजोडी आवरली म्या, हे तं पेट्रोल पिणारं वासरू हाय!" त्यातून पटावर २०१४ साली सुप्रीम कोर्टाने बंदी घातली आणि डिसेंबर २०२१मध्ये त्याच कोर्टाने परवानगी दिली. तेव्हापासून गुरुजींचा कुठल्याच बंदीवर विश्वास नाही. घरच्या तर नाहीच.

मुलाने किल्ली लपवली, तर गाडी कपाटाच्या किल्लीने सुरू झाली. सुनेने पेट्रोल काढून घेतलं, तर एक माजी विद्यार्थी बाटली भरून हजर.

"बाबा, २०२२पासून पंच्याहत्तरीनंतर एस्टी फुकट हाय."

"एस्टी माह्या बांधीपाशी थांबते काय?"

यावर कोण काय बोलणार? ज्याने जन्मभर पोरांना लघवीला जायची परवानगी दिली, त्याने आता धानाच्या बांधीतलं पाणी पाहायला जायची परवानगी मागायची! गुरुजींचं खरं दुखणं हे.

मग एकदा वडशाहून रात्रीचं नाटक पाहून परतताना समोर एका ट्रॅक्टरचे दोन ट्रॅक्टर दिसू लागले. गुरुजी हुशारीने दोघांच्या मधून निघाले आणि थेट धानात उतरले. चिखल होता म्हणून हाडं वाचली.

पुढचं काम लायसनने केलं. पंचावन्ननंतर ते पाच-पाच वर्षांनीच वाढतं आणि सोबत डॉक्टरचा दाखला लागतो. डॉक्टरही गुरुजींचाच विद्यार्थी, म्हणून गुरुजी निर्धास्त गेले. त्याने आधी पाया पडून घेतलं, मग भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. शेवटच्या दोन ओळींवर गुरुजी म्हणाले, "लिहिणाऱ्याचं अक्षर खराब हाय." डॉक्टरने सही केली नाही. घरच्यांचं ऐकलं असतं तर हार झाली असती. आपण शिकवलेल्या पोराने नियमाने नापास केलं, त्याचा मात्र गुरुजींना अभिमानच वाटला. आठ दिवस ते गावभर तेच सांगत होते.

आता एम-८० विकली. नातीने लायसन काढलं, स्कूटी घेतली आणि सोसायटी, बांधी, नाटक अशी सगळी कामं तिच्याकडे आली. फक्त गुरुजी मागे बसून ब्रेक, हॉर्न, खड्डे यांची तोंडी परीक्षा घेतात आणि घरी पोचल्यावर गुण सांगतात. मुलगा निर्धास्त आहे. नात मात्र त्याला रोज विचारते, "बाबा, आबाजीचं मागं बसाचं लायसन कधी संपते?"