पूर्वतयारी प्रगतिपथावर

अमेरिकेत घरी बीअर करायला सरकारची हरकत नाही, आणि माझ्या सगळ्या हालांचं मूळ तिथेच आहे. १९७८ च्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी एका विधेयकावर सही केली आणि सज्ञान माणसाला स्वतःपुरती वर्षाला १०० गॅलन, घरात दोघं सज्ञान असतील तर २०० गॅलन बीअर करायची मुभा मिळाली. २०० गॅलन म्हणजे साडेसातशे लिटरच्या वर. विकायची मात्र नाही. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. घरात असलं काही रटरटू लागलं तर दाराशी पोलीस. पण तिथला माणूस एका वाक्यात सुटतो: कायदा आडवा येतो हो, नाहीतर केली असती. न्यू जर्सीत राहणाऱ्याला ही सोय नाही. इथे साडेसातशे लिटर कधीचे मंजूर होऊन पडलेत, आणि लाभार्थी अजून भांडी मोजतोय.

म्हणजे मी काहीच केलेलं नाही असं नव्हे. डब्यातला काकवीसारखा माल्टचा अर्क पाण्यात कालवून, उकळून, मी बीअर केलेली आहे आणि लोकांनी ती प्यायलीही आहे. ती ग्राह्य धरत नाहीत. या छंदात पंक्तिभेद कडक. मोड आणून वाळवलेले जव स्वतः भरडून, गरम पाण्यात तासभर मुरवून, त्यातली साखर ज्याने स्वतः काढली, तो आतल्या पंगतीत. त्याला ‘ऑल-ग्रेन’ म्हणतात. अर्कवाल्यांनी ओसरीवर बसायचं. मी अर्काचं नाव काढलं की समोरचा मान हलवून म्हणतो, “हरकत नाही, सुरुवात आहे.” हरकत कुणाचीच नाही, हे मी वर सांगितलंच.

सामान मिळतं त्या दुकानातल्या गृहस्थाने मला सांगितलं, “अगदी सोपं आहे. ओटमील करता येतं ना? मग झालं.” आणि मग तो पाऊण तास बोलला. ओटमीलवर पाऊण तास बोलणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही.

त्या पाऊण तासात जे निष्पन्न झालं ते असं. जवामध्ये अमायलेज नावाची दोन प्रकारची विकरं असतात. एकाला साधारण ६० ते ६५ अंश सेल्सियस मानवतं, ते पिठुळपणाची साखर करतं आणि बीअर पातळ, कोरडी होते. दुसऱ्याला ६८ ते ७२ लागतं, त्याची बीअर अंगाने भरलेली आणि गोडसर. आपण काय करायचं, तर तासभर ६७ अंश राखायचे. म्हणजे दोघांचीही पूर्ण सोय करायची नाही, दोघांनाही थोडं नाराज ठेवायचं आणि काम करून घ्यायचं. इतका शासकीय तोडगा मी मंत्रालयाबाहेर पाहिला नव्हता. शिवाय हे ६७ अंश इथे फॅरनहाइटमध्ये १५२ असतात. धान्य ओतलं की पाणी थंडावतं, म्हणून आधी ते १६४ च्या आसपास तापवायचं. नेमकं किती, हे धान्याच्या, भांड्याच्या आणि त्या दिवशीच्या हवेच्या मर्जीवर.

आता बघा. सुमारे ३८०० वर्षांपूर्वी सुमेरियन लोकांनी निनकासी या बीअरच्या देवीचं स्तोत्र मातीच्या पाट्यांवर लिहून ठेवलं. बीअर कशी करायची तेही त्यात येतं. अंश येत नाहीत. फॅरनहाइटने पाऱ्याचा तापमापक केला १७१४ मध्ये. मधली साडेतीन हजार वर्षं माणसं तहानलेली नव्हती. पाण्यात हात घालायचे, चटका बसला की थांबायचे, संध्याकाळी प्यायचे. माझ्याकडे तीन तापमापक आहेत आणि तिघांत एकमत नाही.

यापेक्षा गंभीर बाब कार्यक्षमतेची. धान्यात जेवढी साखर असते तिच्यातली आपण किती काढू शकतो, त्याची टक्केवारी. कोणी सत्तर म्हणतं, कोणी पंचाहत्तर. जव किती किलो घ्यायचे हे त्यावर ठरतं. मी नम्रपणे विचारलं, माझी किती धरू? उत्तर आलं, “ते तुमची एक-दोनदा करून झाली की कळेल.” पण ती करायला धान्य किती घेऊ? “ते तुमच्या टक्केवारीवर अवलंबून आहे.” अनुभवाशिवाय नोकरी नाही आणि नोकरीशिवाय अनुभव नाही, या न्यायाने मी एकदा पुण्यात वर्षभर घरी बसलो होतो. त्यासाठी इतक्या लांब यायची गरज नव्हती.

भरड जाड झाली तर साखर निघत नाही, बारीक झाली तर लगदा होऊन पाणी खाली उतरत नाही. मध्यम म्हणजे किती, याचंही एक उपकरण मिळतं. मी ते पाहिलं नाही असं दाखवून पुढे गेलो.

पाण्याबद्दल बोलायचं मी टाळत होतो, पण तुम्ही चहा अर्धाच घेतलाय, म्हणून सांगतो. आमच्या गावचा पाणीपुरवठा विभाग दरवर्षी अहवाल पाठवतो. शिसं किती, तांबं किती, नायट्रेट किती, सगळं मर्यादेत, पाणी पिण्यास योग्य. मला हवं होतं कॅल्शियम आणि सल्फेट. त्याचा उल्लेख नाही. म्हणजे ते पाणी मी बेलाशक प्यावं, पण बीअरला योग्य आहे की नाही याबाबत सदर विभाग मौन बाळगतो. वर त्यात क्लोरामाइन. ते नुसतं उकळून सहजी जात नाही, आणि राहिलं तर बीअरला जखमेवरच्या चिकटपट्टीचा वास येतो. उपाय कॅम्पडेनची गोळी. एक गोळी २० गॅलनला. मला लागणार ८ गॅलन. तेव्हा एका चिमुकल्या पांढऱ्या गोळीचे पाचांतले दोन भाग करणं आलं. सुरीचं टोक लावलं की ती फुटत नाही, एकदम भुगा होते. मग त्या भुग्याच्या पोळपाटावर पाच ढिगल्या करून दोन उचलायच्या आणि तीन कागदाच्या पुडीत बांधून ठेवायच्या. ती पुडी बघून बायकोने काहीच विचारलं नाही. मला तेच जास्त लागलं.

एवढ्यावर भागत नाही. इंग्लंडातल्या बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या पाण्यात जिप्सम मुबलक, म्हणून तिथली पेल एल नावाजली. प्ल्झेनचं पाणी मऊ, तिथे पिल्सनर जन्मली. डब्लिनचं पाणी अल्कधर्मी, त्याला काळी स्टाउट मानवली. त्या भल्या माणसांनी पाण्याचा विचारसुद्धा केला नव्हता. विहिरीला जे आलं त्यात जे जमलं ते केलं, आणि जगात नाव काढलं. मी मात्र न्यू जर्सीत सिंकपाशी उभं राहून, ग्रॅमचे दशांश मोजून, बर्टनची विहीर तयार करायची. पाककृती इंग्रजी पुस्तकातली असेल तर तिचा गॅलन साडेचार लिटरचा, इथला पावणेचारचा. दोन्ही देश एकच भाषा बोलतात, अशी वदंता आहे.

आईला व्हिडिओ कॉलवर हे सगळं सविस्तर सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे भिजवायचं, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायचं, भाजायचं आणि भरडायचं. अरे, नाचणीचं सत्त्वच की ते! तुला सहा महिन्यांचा असताना तेच घालत होते. त्याला इतकी उपकरणं कशाला?” माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मोड आणण्याचा सगळा भाग कारखान्यात होऊन येतो, आणि माझी उपकरणं त्याच्या पुढचीच आहेत. गाळायला कापडी पिशवी घेणार म्हटल्यावर ती म्हणाली, “श्रीखंडाचा चक्का बांधायचा पंचा मी दिलाय ना तुला? तो घे.” पलीकडून बायकोचा आवाज आला, “पंचा मिळणार नाही.” त्या दोघींचं इतक्या झटपट एकमत होताना मी पाहिलेलं नाही, आणि इथे तर मतभेद होता. तरी निकाल माझ्या विरुद्धच गेला.

घरातून आणखी एक प्रश्न लेखी नसला तरी अधिकृतरीत्या उपस्थित झाला आहे: उरलेल्या चोथ्याचं काय? पाच किलो कोरडं धान्य आत जातं आणि त्याहून जड, ओला, कोमट ढीग बाहेर येतो. गायीला आवडतो, असं सगळे सांगतात. आमच्या गृहसंकुलाच्या नियमावलीत गाय बसत नाही.

आणि या सगळ्याच्या शेवटी काय, तर दिवसभर राबून माझ्या हाती येणार कडवट, गोड पाणी. बीअर नव्हे. या छंदातले जुने लोक हे फार समाधानाने सांगतात: आपण फक्त पाणी तयार करायचं, बीअर यीस्ट करतं. साडेअकरा ग्रॅमची पुडी. भरड नाही, गोळी नाही, तापमापक नाही. बव्हेरियाच्या १५१६ च्या शुद्धतेच्या फर्मानात जव, हॉप्स आणि पाणी एवढंच लिहिलंय, यीस्टचा उल्लेखही नाही. तेव्हा त्याचं खरं काम कुणाला माहीतच नव्हतं. पाश्चरने १८७६ मध्ये बीअरवर ग्रंथ लिहिला आणि तेव्हापासून हा प्राणी डोक्यावर बसला आहे. श्रेय त्याचं, वास आला तर दोष माझा.

त्याच्या अटीही आहेत. खोली १८ ते २० अंश सेल्सियस, पंधरा दिवस, चढउतार नको. आमच्या घरात हिवाळ्यात २२ असतं, आणि ते २२ लग्नानंतर प्रदीर्घ वाटाघाटींतून ठरलेलं आहे. शनिवार मुक्रर झाला आहे. थर्मोस्टॅटचा प्रस्ताव मी दोन्ही पक्षांकडे अभिप्रायार्थ पाठवला. यीस्टकडून अद्याप काही आलेलं नाही. घरातून आलं आहे.