विंडो मारण्यापूर्वी (सुधारित मार्गदर्शक सूचना)

विषय : चालता चालता आपोआप बंद पडणाऱ्या कॉम्प्युटरबाबत.

उपरोक्त विषयान्वये सोनपेठ तालुक्यातील सर्व ऑनलाइन सेंटरवाले, झेरॉक्सवाले आणि त्यांच्या दारात सातबारा, आठ-अ घेऊन ताटकळणारे शेतकरी यांना कळविण्यात येते की, कॉम्प्युटर शक्यतो जुलैअखेर, पीक विम्याची मुदत संपत आल्यावर, फॉर्म सबमिट होण्याच्या ऐन वेळी बंद पडतो. यात करणीबिरणी काही नाही. त्या दिवसांत तो पत्र्याखाली मध्यरात्रीपर्यंत तापतो आणि वर्षभर कण्हणारा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, तेव्हाच मान टाकतो.

सूचना १. सर्वांनी एका सुरात "लाईट गेली का?" असे विचारावे व वर पाहावे. पंखा फिरत असल्यास महावितरणला दिलेल्या शिव्या मागे घ्याव्यात. टाकून देऊ नयेत, संध्याकाळी लागतात.

सूचना २. मेकॅनिकला लगेच बोलावू नये. त्याचे निदान घरून निघतानाच झालेले असते : "विंडो मारावी लागतीय," म्हणजे विंडोज नव्याने टाकायची. माऊस अडला, विंडो. प्रिंटरने कागद खाल्ला, विंडो. उंदराने वायर कुरतडली तरी हा पठ्ठ्या आधी पेनड्राइव्ह काढणार! त्यापेक्षा चालू करताना डिलीट किंवा एफ-२ दाबत बायोसच्या पडद्यावर जावे, मशीन तसेच ठेवावे आणि चहा प्यावा. तिथे विंडोज अजून उठलेलीच नसते, त्यामुळे तिथेही बंद पडले तर ती बिचारी निर्दोष. प्रोसेसरचे तापमानही तिथेच दिसते. ते नव्वदीकडे निघाले असेल तर सप्लायलाही सोडा आणि पंख्यावरची धूळ झाडा. बायोसमध्ये टिकले म्हणून सप्लाय सुटला, असे मात्र नाही. तिथे मशीनला कष्टच नसतात.

सूचना ३. बंद कधी पडते ते बघा. हे कोणी बघत नाही. एका सेंटरवर ते ओळखले रांगेतल्या आबांनी : "लेकरा, कागद निघायला लागला की बंद पडायलंय बघ." आबांचे बरोबर होते. लेझर प्रिंटरमधला हीटर तापताना क्षणभर शेकडो वॉट ओढतो, आणि आपण तो ६०० व्हीएच्या यूपीएसवर कॉम्प्युटरच्या मांडीला मांडी लावून बसवलेला असतो. प्रिंटर सरळ भिंतीच्या प्लगवर न्यावा. एवढ्यावर भागले तर खर्च शून्य. घरचा इन्व्हर्टर असेल तर त्याच्या पाठीवरचे बटण यूपीएस मोडवर आहे का तेही पाहावे. दुसऱ्या मोडवर लाईट जाता-येताना बदल सावकाश होतो. ट्यूबलाईट सोसते, कॉम्प्युटर सोसत नाही.

सूचना ४. मल्टिमीटर असल्यास, मशीन काम करत असताना सप्लायची पिवळी वायर ११.४ ते १२.६ व्होल्टमध्ये आणि लाल ४.७५ ते ५.२५ मध्ये हवी. हिरवी वायर काळीला जोडून पंखा फिरवून दाखवणारे "सप्लाय ओके" म्हणतात. रिकामी गाडी कोणताही बैल ओढतो.

सूचना ५. सप्लायचा डबा उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात. जाळीतून बॅटरी मारा. डोकी फुगलेली दिसली किंवा जळका वास आला की संपले.

सूचना ६. नवा सप्लाय सोनपेठात मिळाला तर ठीक, नाही तर परळी. तिथेही नसेल तर 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' आहेच. डब्यावर '४५० वॉट' ठळक असते. ते वाचू नये. १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते पाहून गुणाकार करावा. दहा असतील तर झाले १२० वॉट! बाकीचे बहुतेक वॉट स्टिकरवाल्याचे.

आता खरे सांगायचे तर, रात्री दहाला, मुदतीच्या आदल्या दिवशी, स्वतःच्या दुकानातल्या मशीनचा सप्लाय उपसून आणून लावणारा तोच विंडोवाला असतो. पैसे विचारले तर "राहू द्या, बघू मागून." असा माणूस तालुक्याला लागतोच. त्याला फक्त पेनड्राइव्ह आणू देऊ नये.

सूचना ७. अनवाणी बसून कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. बहुधा कोणीतरी तिसरी पिन तोडून प्लग दोन पिनांच्या बोर्डात कोंबला आहे. तीन पिनांचा बोर्ड आणि खरे अर्थिंग करून घ्यावे. तोवर चप्पल घालून बसावे. मेकॅनिकही तसाच बसतो.