मुंबई ते नागपूर : विमानाचा वेळ काढण्याची शास्त्रोक्त रीत

विमानाने नागपूरला किती वेळ लागतो, हे मोबाईलमध्ये बघून सांगणं आळशीपणाचं आहे. जबाबदार माणसाने ते स्वतः काढावं. साहित्य : शालेय नकाशासंग्रह, पेन्सिल आणि जुन्या लग्नपत्रिकेची कोरी बाजू.

१. अंतर मोजा. मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळापासून नागपूरचा सोनेगाव विमानतळ २ अंश उत्तरेला आणि ६ अंशांहून किंचित जास्त पूर्वेला आहे. अक्षांशाचा एक अंश १११ किलोमीटरचा, तर रेखांशाचा आपल्या पट्ट्यात साधारण १०४ किलोमीटरचा. दहावीनंतर प्रथमच पायथागोरस कामी येईल. उत्तर : सुमारे ६८० किलोमीटर. न्यूयॉर्कसाठी ही रीत वापरू नये. तिथे पृथ्वीचा गोलपणा आडवा येतो.

२. वेगाने भागा. ताशी ८०० किलोमीटर धरल्यास ५१ मिनिटं येतात. हा आकडा कोणालाही सांगू नका. त्यावर विश्वास ठेवून कोणीतरी विमानतळावर न्यायला येऊन बसेल.

३. आकाशातली वळणं धरा. नागपूर पूर्वेला असलं तरी मुंबईचं विमान बहुधा पश्चिमेला, समुद्रावर झेपावतं आणि मग विचार बदलल्यासारखं वळतं. पुढे चढण, मग लगेच उतरण. पूर्ण वेगाला सवड थोडीच मिळते. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून वाहतो, म्हणून जाताना ढकलतो, येताना अडवतो. परतीच्या उशिराचं खापर त्याच्यावर फोडावं. तो खुलासा मागत नाही.

४. जमिनीवरचा प्रवास धरा. तिकिटावरचा वेळ उड्डाणाचा नसतो. चाकांचे ठोकळे काढल्यापासून ते पुन्हा लावेपर्यंतचा तो हिशोब. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत आणि विमानांची रांग लागते. कंपन्या हे ओळखून वेळ सैल ठेवतात आणि साधारण दीड तास छापतात. त्यावर पंधरा मिनिटं उशीर झाला तरी सरकारी हिशोबात विमान वेळेवरच.

५. घरापासूनचा हिशोब करा. डोंबिवली ते विमानतळ दोन तास. तिथे दोन तास आधी हजेरी. विमान दीड तास. बॅगेची वाट आणि नागपुरात धरमपेठेपर्यंतची रिक्षा मिळून एक तास. एकूण साडेसहा. आता ६८० ला साडेसहाने भागा : ताशी १०५ किलोमीटर. समृद्धी महामार्गावर मोटारीला १२० ची मुभा आहे.

६. काकांना आवरा. पाचवी पायरी ऐकताच घरातले एक काका गाडीची किल्ली शोधू लागतील. समृद्धी ७०१ किलोमीटरची आहे आणि ती आमणेला सुरू होते, काकांच्या दारात नव्हे, हे त्यांना नम्रपणे सांगा. चहा, नाश्ता आणि काकांचा पाठीचा मणका धरून नव्याने बेरीज करायला लावा. तेवढ्यात विमान पोचेल.

७. उत्तर माणूस पाहून द्या. वैमानिक भेटला तर ‘३६८ सागरी मैल’ म्हणा. तो आदराने बघेल. नागपूरहून ‘कधी येऊन राहिला बे?’ असा फोन आला तर ‘रात्रीच्या जेवणाला’ एवढंच सांगा. ऑफिसात साहेबांनी विचारलं तर दीड तास म्हणा, आणि रजेचा अर्ज पूर्ण दिवसाचा करा.