वाकवणारी खिडकी

माणसाची आणि वस्तूची गाठ पडली की नेमका कोणाला त्रास होतो, हे बघण्याचा पगार इंटरॅक्शन डिझायनरला मिळतो. मुंबईच्या आयआयटीत डिझाइन १९६९ पासून शिकवतात. बुलढाणा जिल्ह्यात तेच शिक्षण शेगावच्या गजानन महाराजांच्या दर्शनबारीत फुकट आहे. टेकायला बाकं, हाताशी पाणी, घाईतल्यांना मुखदर्शनाची वेगळी वाट. वाट चुकलात तर सेवाधारी ‘माउली, इकडून’ म्हणतो. म्हणजे बाणाची पाटीच बोलते, तीही हात जोडून. संस्थान १९०८ सालचं. बिल मॉग्रिज वगैरे डिझायनर मंडळींनी ‘इंटरॅक्शन डिझाइन’ असं या विद्येचं बारसं केलं, ते त्यानंतर पाऊणशे वर्षांनी.

आता याच जिल्ह्यातलं एक सरकारी कार्यालय घ्या, नाव कशाला! काचेला बोलण्यापुरतं भोक आहे, बसलेल्या बाबूच्या तोंडाच्या उंचीवर. बाहेरचा उभा असतो, हे कोणाच्या गावीच नाही. कमरेत वाकल्याशिवाय त्याचा आवाज आत जात नाही. देवळात माणूस आपखुशीनं वाकतो, इथे ती सोय सुतारानं करून ठेवलीय. अर्जात नावाला दोन इंच, ‘कार्यालयीन वापरासाठी’ अर्धं पान. पेन आहे, पण दोऱ्याला बांधलेलं; दोरा टेबलाच्या काठाशी संपतो, अर्ज त्याच्या वीतभर पुढे.

भोक वर सरकवायला म्हणे वरून मंजुरी हवी. मिळेल तेव्हा मिळो. तोवर साहेब, एक स्टूल तेवढं बाहेर ठेवा. आत तीन रिकामीच पडलीत.