बुलेट घेतली म्हणे!

ऐकलंत का? बी विंगमधल्या धाकट्यानेही बुलेट घेतली! घरात धडधाकट स्कूटर आहे, ऑफिस कोथरूडहून डेक्कनपर्यंत, वाटेत सिग्नलमागून सिग्नल. आणि हा पठ्ठ्या १९५ किलोचं धूड दारात आणून उभं करतो. आईने हप्त्याचं विचारलं तर म्हणतो, ‘आई, ही गाडी नाही, फीलिंग आहे.’ काय म्हणावं आता? फीलिंगचा हप्ता पाच वर्षं फेडायचाय.

खरी आग लावली ती जीएसटीने. २०२५च्या सप्टेंबरात ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर २८ टक्क्यांवरून १८वर आला, त्यावरच्या गाड्यांना ४० टक्के. आणि या बुलेटचं इंजिन किती? ३४९! एका सीसीने सुटली हो. लगेच ज्यांना काल परवडत नव्हती त्यांनाही ती आज स्वस्त वाटायला लागली. पाडव्याला शोरूमबाहेर ही गर्दी! हार, नारळ, पेढे, चाकाखाली लिंबू. नव्या सुनेच्या गृहप्रवेशाला एवढे फोटो निघत नाहीत.

तरुणांचं सोडा, तळमजल्यावरचे अण्णा त्यांच्यावर ताण आहेत. त्यांची बुलेट जुनी, कास्ट आयर्न इंजिनची. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. बटण दाबून गाडी चालू करणाऱ्यांना ते माणसांत धरत नाहीत. थंडीत सकाळी त्यांचा सोहळा बघावा. आधी चावी फिरवायची, मग किक हलके हलके दाबत अ‍ॅम्पिअरचा काटा मध्यावर आणायचा. मग डीकॉम्प्रेसरचा खटका ओढून किक जराशी पुढे न्यायची, खटका सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग सगळा देह किकवर! चुकलात तर किक उलटी बसते आणि पोटरी आठवडाभर सुजते. दोनदा फुसफुसून तिसऱ्यांदा ‘धक् धक्’ झालं की अण्णा गॅलऱ्यांकडे बघतात. मग व्याख्यान : मद्रासला कारखाना १९५५ साली निघाला, इंग्लंडातल्या मूळ कंपनीने कधीच गाशा गुंडाळला, आपली अजून चालू आहे. अण्णांना दूध आणायला जायचं असतं, ते तोवर संपलेलं असतं.

उन्हाळ्यात हाफ पँटवर गाडी काढायची, सायलेन्सरचा चटका बसला की तो शौर्यपदकासारखा मिरवायचा. आणि आषाढ लागला की विचारूच नका! शनिवारी रात्री कुजबुज, रविवारी पहाटे ताम्हिणी. घाटात धबधब्याआधी सायलेन्सरच ऐकू येतात. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येऊन चाक सटकतं, हे सांगायला जाल तर तुम्ही जुन्या काळातले. सोमवारी गाडीवर चिखलाचं लिंपण. धुवायचं नाही म्हणे, ‘राइड’ दिसली पाहिजे! खाली चेन गंजून करकरतेय. ती पुसून ल्यूब मारायला दहा मिनिटं पुरतात, पण त्याचा फोटो कोण टाकणार? बाजूला लडाख कॅरिअर ठोकलेलं असतंच. लडाख अजून झालेलं नाही. सध्या त्यातून भाजी येते.

दसऱ्याला गाडी चकाचक, हॅन्डलला झेंडू, टाकीवर स्वस्तिक. त्या दिवशी हेल्मेटलाही हळदकुंकू लागतं, एरवी ते कोपरात नाहीतर आरशाला. २०१९च्या जानेवारीत हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चा काढणारं पुणं आमचं, दुसरं काय होणार! संक्रांतीला मात्र थट्टा नको. आडवा आलेला मांजा गळा कापतो, तेव्हा त्या दिवसांत मफलर घट्ट गुंडाळा आणि वेग कमी ठेवा.

पण खरं लफडं पुढेच आहे. जवळ या, सांगते. बी विंगमधल्या धाकट्याने कंपनीचा सायलेन्सर काढून ‘इंदोरी’ लावलाय! रात्री साडेअकराला गेटमध्ये शिरताना फटाक्यासारखे बार, तान्ही बाळं टाहो फोडतात, कुत्री भुंकत सुटतात. पोलिसांनी असले सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली चिरडले, पेपरात फोटो आले, पण ढिम्म फरक नाही. मूळ सायलेन्सर कुठे ठेवलाय ठाऊक आहे? माळ्यावर, गणपतीच्या मखराशेजारी, जुन्या चादरीत गुंडाळून. पोलिसांची मोहीम सुरू झाली की तो खाली उतरतो, थंडावली की पुन्हा वर.

तेव्हा घ्या बापडे, घ्या बुलेट. आडकाठी करणारे आम्ही कोण? पण हेल्मेट डोक्यावर ठेवा, चेनला वेळेवर तेल द्या आणि मखराशेजारचा सायलेन्सर कायमचा खाली आणा. रात्री दहानंतर इंजिन गेटपाशीच बंद करून गाडी ढकलत आत आणा. शौक तुमचा असला तरी झोप आमची आहे.