अधिकृत वास

पस्तीस वर्षं मी आवक-जावकच्या टेबलावर काढली. त्यामुळे ज्या वस्तूला ‘अधिकृत’ हा शब्द चिकटलेला असतो तिच्यापुढे माझे हात आपोआप जोडले जातात. ‘मामा, न्यू मेक्सिकोला जाऊ या का?’ असं भाच्यानं विचारलं तेव्हा मी टाळत होतो. वाळवंट बघायला पैसे कशाला? पण त्या राज्यानं आपला पक्षी, झाड, कीटक, बिस्किट, इतकंच काय, एक प्रश्नसुद्धा रीतसर ठराव करून नेमलाय हे कळलं आणि मी यादी मागवली. प्रत्येक नावापुढे खुणेचा चौकोन आखला. हिनं माझ्याकडे पाहिलं. निवृत्तीपासून ती माझ्याकडे असंच पाहते.

अल्बुकर्कीला पहिल्याच सकाळी रोडरनर दिसला. अधिकृत पक्षी, 1949 पासून नेमणुकीत. उडता येत असून रस्त्यानं पळत जातो; सरकारी नोकरीत मुरलेला असावा. अधिकृत प्राणी काळं अस्वल. त्याच्यापुढे मी न बघताच खूण केली. जागेवर न जाता पाहणी झाल्याची सही करायचा हात तो, इतक्यात कसा सुटेल? अधिकृत बिस्किट बिस्कोचितो, बडीशेपेसारख्या स्वादाचं. पण ते डुकराच्या चरबीत करतात आणि हिच्या गळ्यात तुळशीची माळ. तो चौकोन रिकामा राहिला. कीटक म्हणजे टॅरंटुला हॉक नावाची गांधीलमाशी. थोरल्या कोळ्याला डंख मारून लुळं करते आणि त्याच्यावर अंडं घालते, म्हणजे पोराच्या जेवणाची सोय. 1989 साली शाळकरी मुलांनी तिची निवड केली. डंखांची प्रतवारी लावणारे शास्त्रज्ञ जस्टिन श्मिट यांचा सल्ला असा, की ती चावली तर आडवं पडावं आणि ओरडावं. हा सल्ला ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

अधिकृत प्रश्न हॉटेलात भेटला. वाढणाऱ्या बाईंनी विचारलं, ‘रेड ऑर ग्रीन?’ लाल मिरचीचा रस्सा की हिरवीचा? दोन्ही हवे असतील तर ‘ख्रिसमस’ म्हणायचं. म्हणजे प्रश्नही मंजूर आणि उत्तरही मंजूर! आमच्या खात्यात प्रश्न यायचे, उत्तरं बदली होऊन जायची. भर सप्टेंबरात मी मोठ्यानं ‘ख्रिसमस’ म्हणालो. ताट आलं, खाल्लं. बरं होतं. ‘आम्ही जळगावचे,’ मी भाच्याला म्हणालो, ‘आम्हाला मिरचीचं काय सांगता?’

या वाक्यानं घात केला.

दुकानाबाहेर मिरच्या भाजत होते. जाळीचं मोठं पिंप, खाली गॅसच्या ज्वाळा, पिंप गरगर फिरतंय आणि आत हिरव्या मिरच्या तडतडतायत. हा वासही यादीत आहे. लास क्रूसेसच्या पाचवीतल्या पोरांनी सुचवलं आणि 2023 साली भाजलेल्या हिरव्या मिरचीचा वास राज्याचा अधिकृत वास झाला. असा ठराव अमेरिकेत पहिलाच. मी खूण करायला पेन काढलं आणि ते हातातच राहिलं. कार्तिकातली संध्याकाळ, अंगणात पऱ्हाट्यांचा जाळ, त्यात भरताची वांगी, कडेला मिरच्या, आणि आई पदरानं डोळे पुसत म्हणतेय, ‘लांब हो, ठसका लागंल.’ त्या अंगणावर आता भावानं दुचाकींसाठी पत्र्याची शेड टाकलीय.

‘किती घ्यायच्या?’ हिनं विचारलं. एरवी मी पावशेर म्हटलं असतं. मी अख्खं पोतं म्हणालो. पंचवीस पौंड!

गरम मिरच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून देतात, म्हणजे वाफेनं साल सुटतं. ती पिशवी भाड्याच्या गाडीत माझ्या मांडीवर आली. सांता फे तासाभराच्या रस्त्यावर आहे. दहाव्या मिनिटाला भाचा खोकला. विसाव्या मिनिटाला हिनं काच खाली केली आणि पदर नाकाला लावला. मी जळगावचा असल्यामुळे शांत बसून रडत होतो.

मोटेलवर ‘अहो, हाताला तेल लावा, नाहीतर मोजे घाला,’ असं ही म्हणाली. मी बाह्या सरसावल्या. तासाभरात निम्म्या मिरच्या सोलून झाल्या. मग बोटं पेटली. तोवर मी उजवा डोळा चोळलेला होता.

मी आडवा पडलो आणि ओरडलो.

मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, हे मी नळाखाली पंधरा मिनिटं घालवून शिकलो. दूध किंवा तेल लागतं. रात्री अकराला भाच्यानं खालून कॉफीत घालायच्या दुधाच्या इवल्या डब्या आणल्या. हिनं माझं एकेक बोट एकेका डबीत बुडवून धरलं. एक शब्द बोलली नाही. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली. तिनं इतका वेळ माझा हात धरल्याचं मला तरी आठवत नाही.

सांता फे मी एका डोळ्यानं पाहिलं. 1610 साली वसवलेलं गाव आहे आणि विधिमंडळाची इमारत गोल आहे. निम्मी तरी नक्की गोल आहे.

गाडी परत केली तेव्हा वास तिथंच होता. काउंटरवरच्या मुलीनं खिडकीतून डोकं आत घातलं. मी भाच्याकरवी कळवलं, की हा वास कायद्यानं मंजूर आहे, त्यावर गव्हर्नर मिशेल लुजान ग्रिशम यांची सही आहे, सबब दंड लावता येणार नाही. मुलीनं डोळे मिटून खोल श्वास घेतला. ‘आमच्या आजीकडे असाच वास येतो,’ म्हणाली, आणि साफसफाईचे पैसे लावले.

पावतीवर शेरा होता, ‘तीव्र वास’. मी त्यात पेनानं ‘अधिकृत’ एवढं घातलं, खाली तारीख टाकली आणि पावती फायलीला लावली.